सार्वभौम सत्ता आणि नागरिकाची भरपाई : पोलिसी अतिक्रमणावरील कायदेशीर उपायांचा इतिहास

१

इ. स. १९४७ च्या सप्टेंबर महिन्याच्या २० तारखेस अमृतसर येथील एका पेढीचा भागीदार सोने, चांदी व अन्य माल विकण्याच्या हेतूने मीरत शहरी उतरला. फाळणीच्या वणव्याने उत्तर हिंदुस्थान पेटलेला होता. मध्यरात्रीच्या सुमारास बाजारपेठेतून जात असता तीन पोलीस शिपायांनी त्यास हटकले, झडती घेतली आणि माल चोरीचा असावा या संशयावरून त्यास कोतवालीत नेऊन डांबले. १०३ तोळ्यांहून अधिक सोने व दोन मणांहून अधिक चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी त्यास जामिनावर सोडण्यात आले. पुढे चांदीही परत मिळाली. सोने मात्र कधीच परत मिळाले नाही. ज्या हवालदाराच्या ताब्यात पोलिसांचा मालखाना होता, तो ते लंपास करून १७ ऑक्टोबर १९४७ रोजी पाकिस्तानात पळून गेला होता.

पेढीने उत्तर प्रदेश शासनावर दावा लावला. मागणी अगदी सरळ होती : सोने परत द्यावे, नाही तर त्याची किंमत द्यावी. रक्कम सुमारे ११,००० रुपये होती. घटनेस सतरा वर्षे उलटल्यावर, २९ सप्टेंबर १९६४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने या वादाचा अखेरचा निकाल दिला. पोलिसांनी हलगर्जीपणा केला हे न्यायालयास मान्य होते. सोने गेले, तेही पोलिसांच्याच माणसाच्या हातून गेले, हेही निर्विवाद होते. तरीही वादी हरला. अटक करणे, झडती घेणे व माल जप्त करणे हे अधिकार राज्याच्या सार्वभौम सत्तेतून उद्भवतात, सबब त्या अधिकारांच्या वापरात नोकरांकडून घडलेल्या अपकृत्याची जबाबदारी राज्यावर येत नाही, असे न्यायालयाने ठरविले.

हा निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर हे सातारचे. मुंबई उच्च न्यायालयात बारा वर्षे न्यायदान करून ते दिल्लीस गेले होते, आणि श्रमिकांच्या हक्कांविषयीची त्यांची उदार दृष्टी सर्वश्रुत होती. त्यांच्या हातून असा निर्णय का उतरावा? आणि तो उतरल्यानंतर पोलिसांकडून नाडल्या गेलेल्या नागरिकास पुढे दाद मिळू लागली ती कोणत्या वाटेने? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास भारतीय विधीच्या इतिहासातील एक दीर्घ व बोधप्रद प्रकरण उलगडते.

२

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, पोलीस जुलूम करू शकतात ही गोष्ट ब्रिटिश राज्यकर्त्यांना अज्ञात नव्हती. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी व गुन्हे कबूल करविण्यासाठी होणाऱ्या छळाची चौकशी करण्यास नेमलेल्या आयोगाने १८५५ साली आपला अहवाल सादर केला आणि असा छळ सर्रास चालतो हे नमूद केले. पाचच वर्षांनी संमत झालेल्या भारतीय दंड संहितेत कबुलीजबाबासाठी इजा करणे हा स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला. विशेष असे की, त्या कलमाखालील पहिलेच उदाहरण पोलीस अधिकाऱ्याचे देण्यात आले होते. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढील कबुली पुराव्यात अग्राह्य ठरविली, आणि १८७२ च्या पुरावा अधिनियमाने तोच नियम कलम २५ मध्ये कायम केला.

म्हणजे पोलिसांविषयीचा अविश्वास प्रत्यक्ष कायद्याच्या शब्दांतच नोंदविलेला आहे. परंतु या अविश्वासाची मर्यादाही तितकीच लक्षणीय आहे. कायदा कबुलीस नाकारतो आणि अत्याचारी शिपायास गुन्हेगार ठरवितो. पण ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याचे नुकसान कोणी भरून द्यावे, या प्रश्नावर तो मौन पाळतो.

हे मौन भरून काढण्याचे काम न्यायालयांवर पडले. ज्या १८६१ साली पोलीस अधिनियम आणि फौजदारी प्रक्रिया संहिता संमत झाली, त्याच वर्षी कलकत्ता येथील सर्वोच्च न्यायालयाने एका घोड्याच्या जखमेचा निकाल दिला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीतील मजूर आगबोटीचा एक अवजड लोखंडी भाग वाहून नेत असताना पेनिन्शुलर अँड ओरिएंटल या नौकानयन कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांची भरपाई मागितली. मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी ती देवविली. परंतु निकालाच्या समर्थनार्थ त्यांनी एक भेद सांगितला. जी कामे कोणीही खाजगी व्यक्ती करू शकेल, त्यांतील हलगर्जीपणाबद्दल शासन जबाबदार राहील. जी कामे केवळ सार्वभौम सत्ता धारण करणाऱ्यासच शक्य आहेत, त्यांबद्दल ते जबाबदार राहणार नाही.

भरपाई देणाऱ्या निकालातील हे विवेचन पुढे भरपाई नाकारण्याचे प्रमुख साधन झाले, हा या इतिहासातील पहिला विपर्यास होय. हा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयसंग्रहाच्या पाचव्या खंडास परिशिष्ट म्हणून छापला गेला, आणि तेथूनच पुढील पिढ्यांनी त्याचा आधार घेतला.

त्यास विरोध झाला नाही असे नाही. मुंबईहून मलबारच्या बंदरांकडे निघालेल्या मिठावर वाटेतच वाढीव कर बसविल्याच्या वादात, १८८२ साली, मद्रास उच्च न्यायालयाने वेगळा विचार मांडला. ज्या कृत्यास देशाच्या कायद्याचा आधार सांगितला जातो, ते कृत्य कायद्याच्या कसोटीस उतरलेच पाहिजे. परराज्याशी युद्ध, तह यांसारख्या राजकृत्यांपुरतीच काय ती शासनास मोकळीक. म्हणजे एकाच प्रश्नावर दोन परंपरा निर्माण झाल्या : कलकत्त्याची शासनास उदार असलेली, आणि मद्रासची नागरिकास उदार असलेली.

३

येथे शब्दांच्या प्रवासाकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. कंपनीचे राज्य खालसा करणाऱ्या १८५८ च्या कायद्याच्या ६५ व्या कलमात अशी तरतूद होती की, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीवर जे दावे करता आले असते, ते यापुढे भारतमंत्र्यावर करता येतील. हीच तरतूद १९१५ च्या कायद्यात ३२ वे कलम म्हणून व १९३५ च्या कायद्यात १७६ वे कलम म्हणून अवतरली. १९५० साली ती स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदात प्रविष्ट झाली. प्रत्येक टप्प्यावर नव्या मजकुराने जुन्या मजकुराकडे बोट दाखविले. नियम कोठेच सांगितलेला नाही; नियम कोठे सापडेल, एवढेच काय ते सांगितले आहे.

या संदर्भांची साखळी मागे मागे ओढीत गेल्यास तिचे टोक कोठे पोहोचते? एका व्यापारी कंपनीपाशी. मीरतच्या कोतवालीत सोने गमावलेल्या नागरिकास भरपाई मिळावी की नाही, हे १९६४ साली प्रजासत्ताक भारताच्या न्यायालयात ठरले ते १८५८ पूर्वीची कंपनी अशा प्रसंगी जबाबदार धरली गेली असती की नसती, या प्रश्नावरून. ‘सार्वभौम’ हा शब्द तोच राहिला, पण त्याचा धनी बदलला होता. संविधानाच्या उद्देशिकेत सार्वभौमत्व लोकांकडे आले. अनुच्छेद ३०० च्या व्याख्येत ते राजाकडेच राहिले. एकाच संविधानात एका संकल्पनेचे दोन अर्थ नांदत होते, आणि पोलीस ठाण्यात दुसरा अर्थ चालत होता.

हा विसंवाद जाणत्यांच्या ध्यानात आला नव्हता असे म्हणता येणार नाही. मुंबईचे विख्यात विधिज्ञ मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने १९५६ साली आपला पहिलाच अहवाल सादर केला तो अपकृत्याबद्दलच्या राज्याच्या दायित्वावर. इंग्लंडने १९४७ साली कायदा करून राजसत्तेस सामान्य प्रतिवादीच्या पंक्तीस बसविले होते. भारतानेही कायदा करावा असे आयोगाने सुचविले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील विद्यावतीच्या दाव्यात, दुरुस्तीहून परत आणल्या जाणाऱ्या सरकारी जीपगाडीखाली सापडून मृत झालेल्या मनुष्याच्या कुटुंबास १५,००० रुपये देवविले. कल्याणकारी राज्यात जुन्या सवलतीस जागा नाही, अशी आशा त्या निकालाने उत्पन्न केली होती. दोनच वर्षांनी कस्तुरीलाल प्रकरणाने ती मावळली. जीप चालविणे सार्वभौम कृत्य नव्हे, अटक करणे सार्वभौम कृत्य होय, असा भेद न्यायालयाने केला.

न्याय्य बुद्धीने पाहता गजेंद्रगडकरांच्या निर्णयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही, हे त्यांनी त्याच निर्णयात स्पष्टपणे लिहिले, आणि इंग्लंडप्रमाणे कायदा करण्याची विनंती विधिमंडळांना केली. न्यायाधीशाने कायदा बदलू नये, तो विधिमंडळाने बदलावा, ही त्यांची भूमिका होती. तिच्यातील संयम आदरणीय आहे. परंतु ज्या मार्गाकडे त्यांनी अंगुलिनिर्देश केला, तो मार्ग खुला झालाच नाही. १९६५ साली शासनाच्या दायित्वाचे विधेयक संसदेत आले, १९६७ साली पुन्हा आले, आणि दोन्ही वेळा संमत न होता व्यपगत झाले.

४

पुढील पालट झाला तो विधिमंडळात नव्हे, आणि दिवाणी दाव्यातही नव्हे. बिहारमधील मुजफ्फरपूरच्या तुरुंगात एक कैदी होता. सत्र न्यायालयाने त्यास ३ जून १९६८ रोजी निर्दोष सोडले होते. प्रत्यक्षात तो तुरुंगाबाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. मधली चौदा वर्षे त्यास का ठेवले, याचे समाधानकारक उत्तर राज्यास देता आले नाही. तो वेडा होता असे सांगण्यात आले, पण त्यास विश्वासार्ह आधार नव्हता. सर्वोच्च न्यायालयापुढे अर्ज होता तो बंदी प्रत्यक्षीकरणाचा. अर्थात कैदी सुटल्यावर अर्जाचे प्रयोजन संपले, असे म्हणून तो निकालात काढता आला असता.

१ ऑगस्ट १९८३ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी तसे केले नाही. मूलभूत हक्काचे उल्लंघन झाले असता केवळ सुटकेचा आदेश देऊन थांबणे म्हणजे अनुच्छेद २१ ला पोकळ करणे होय, अशी त्यांची विचारसरणी होती. आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये देण्याचा आदेश त्यांनी राज्यास दिला, आणि पूर्ण भरपाईसाठी दिवाणी दावा लावण्याचा अर्जदाराचा हक्क अबाधित ठेवला. ही रक्कम म्हणजे दुःखावरील तात्पुरती फुंकर आहे, हे न्यायालयाने स्वतःच मान्य केले. चौदा वर्षांच्या हिशेबाने ती वर्षाला अडीच हजार रुपये पडते.

चंद्रचूड पुण्याचे. या निर्णयाचा विचार करताना त्यांच्याच नावाशी जोडलेला दुसरा निर्णय विसरता येत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, स्थानबद्ध नागरिकास बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्जच करता येणार नाही. त्या बहुमतात चंद्रचूड होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात होते. त्या निर्णयानंतर सात वर्षांनी त्याच अर्जाच्या द्वारे भरपाईचा हक्क प्रवेशला, तोही त्या बहुमतातील एका न्यायाधीशाच्या लेखणीतून. यास प्रायश्चित्त म्हणावे की परिस्थितीचा पालट म्हणावे, हा चरित्रकारांचा प्रश्न होय. विधीच्या इतिहासास एवढेच पुरे की, जबलपूरचा निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने नाव घेऊन रद्द ठरविला, आणि १९८३ चा निर्णय वाढत गेला.

तो वाढला तो असा. १९८५ साली, विधानसभेच्या बैठकीस निघालेल्या भीमसिंग या काश्मीरच्या आमदारास पोलिसांनी वाटेत अडकवून ठेवले, तेव्हा राज्यास ५०,००० रुपये द्यावे लागले. दिल्लीत पोलिसांच्या मारहाणीने मरण पावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाच्या आईस १९८९ च्या निकालाने ७५,००० रुपये मिळाले. आणि १९९३ साली ओरिसातील नीलाबती बेहेरा या मातेच्या पत्रावर न्यायालयाने तत्त्वाची मांडणी पूर्ण केली. तिच्या २२ वर्षांच्या मुलास १ डिसेंबर १९८७ रोजी सुंदरगड जिल्ह्यातील एका पोलीस चौकीत नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. बांधलेला दोर दातांनी कुरतडून तो रात्री पळाला व गाडीखाली सापडला, असे पोलिसांचे म्हणणे होते. जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत ते टिकले नाही. मातेस १,५०,००० रुपये देण्याचा आदेश झाला.

न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांनी या निर्णयात कस्तुरीलालचा अडसर दूर केला, पण तो मोडून नव्हे, तर त्यास वळसा घालून. अपकृत्याबद्दलचा दावा हा खाजगी विधीचा विषय. तेथे सार्वभौमत्वाचा बचाव चालत असेल तर चालो. अनुच्छेद ३२ व २२६ खालील भरपाई हा सार्वजनिक विधीचा उपाय. मूलभूत हक्काच्या उल्लंघनास तेथे असा बचाव असूच शकत नाही. हा भेद तर्कदृष्ट्या सुबक आहे. परंतु त्याचा परिणाम असा की, पोलिसांच्या कोठडीत प्राण गेला तर रिट अर्जाने भरपाई मिळते, आणि त्याच ठाण्याच्या मालखान्यातून सोने गेले तर जुन्या निर्णयाची सावली अजून पडू शकते. १९९४ नंतरच्या अनेक निर्णयांत न्यायालयाने त्या जुन्या सिद्धान्तावर कठोर टीका केली, आणि त्याचे बळ ओसरल्याचेही सांगितले. तथापि अधिक मोठ्या पीठाने तो विधिवत् रद्द केलेला नाही.

५

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध केवळ न्यायाधीशांच्या जन्मस्थानांपुरता नाही. १९७२ सालच्या मार्च महिन्यात तत्कालीन चांदा जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हे त्याचे एक कारण होते. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधि-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. ठाण्याच्या चार भिंतींत मौन म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा आशय. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला : कोठडीतील बलात्कार हा वेगळा व अधिक गंभीर अपराध ठरला, आणि अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास, संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरू लागले.

त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनास निर्देश दिले. मुंबईच्या तुरुंगातील पंधरा स्त्रियांच्या मुलाखतींपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व त्यांवर स्त्री शिपायांचा पहारा, अटक होताच विधि-साहाय्य समितीस खबर, न्यायाधीशाच्या अचानक भेटी, आणि वैद्यकीय तपासणी मागण्याचा हक्क दंडाधिकाऱ्याने आरोपीस समजावून सांगणे, असे ते निर्देश होते. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने जे अकरा नियम घालून दिले, त्यांची बीजे येथे स्पष्ट दिसतात. अटकपंचनाम्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकास खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट हे नियम आता संहितेत बहुतांशी समाविष्ट झाले आहेत.

६

या सर्व इतिहासाच्या अंती पीडित नागरिकापुढे आज चार वाटा आहेत. पहिली फौजदारी फिर्यादीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० मध्ये कबुलीसाठी इजा करण्याचा जुना अपराध कायम आहे. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्याने करावी, हा २००५ सालचा नियमही नव्या प्रक्रिया संहितेत आला आहे. परंतु अधिकारपदाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल खटला भरण्यास शासनाची पूर्वमंजुरी लागण्याची अट कलम २१८ मध्ये तशीच आहे, आणि तपास बहुधा पोलिसांचाच असतो. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. शासनास दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बेकायदा बंदिवासाच्या भरपाईस सुटकेपासून एक वर्षाची मुदत आहे. तिसरी वाट सर्वोच्च वा उच्च न्यायालयातील रिट अर्जाची. ती जलद खरी, पण तथ्यांविषयी गंभीर वाद असेल तेथे न्यायालये ती देण्यास कचरतात. चौथी वाट १९९३ च्या अधिनियमाखालील मानवी हक्क आयोगांची, आणि २००६ च्या प्रकाश सिंग निर्णयानंतर स्थापावयाच्या पोलीस तक्रार प्राधिकरणांची. आयोग शिफारस करू शकतो. ती अमलात आणणे शासनाच्या हाती राहते.

चारही वाटांवर एक उणीव समान आहे. भरपाई किती, याचे प्रमाण कोठेही लिहिलेले नाही. चौदा वर्षांस ३५,००० रुपये एकीकडे. दुसरीकडे १९९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झालेले अंतराळशास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ साली ५० लक्ष रुपये. रुपयाच्या घसरत्या मोलाचा हिशेब केला तरी या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही तत्त्वाने उलगडत नाही. जेथे नियम नाही तेथे औदार्य येते, आणि औदार्य पीडिताच्या कीर्तीवर, वकिलाच्या कौशल्यावर व पीठाच्या प्रवृत्तीवर अवलंबून राहते. शिवाय रक्कम राज्याच्या तिजोरीतून जाते. ती दोषी अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले असले, तरी तो भाग मागे पडतो.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली स्वाक्षरी केली, परंतु त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. २०१० साली लोकसभेने संमत केलेले छळप्रतिबंधक विधेयक पुढे व्यपगत झाले. २०१७ साली विधि आयोगाने नवा मसुदा दिला. १९५६ चा अहवाल, १९६५ चे विधेयक आणि १९६४ च्या निर्णयातील ती विनंती यांची गती अशीच झाली होती.

यावरून या इतिहासाचा निष्कर्ष काढता येतो. नागरिकाने भरपाईचा हक्क मिळविला आहे, हे खरे. पण तो त्यास एका मातेच्या पत्राने, एका कैद्याच्या अर्जाने व चार अध्यापकांच्या निषेधाने, म्हणजे एकेका प्रकरणाच्या द्वारे मिळाला आहे. ज्या कायद्याने तो सर्वांस सारख्या मापाने मिळाला असता, तो कायदा गजेंद्रगडकरांनी मागितला होता. मीरतच्या सोन्याचा हिशेब त्या अर्थाने अद्यापि मिटलेला नाही.